छापून न निघालेल्या अंकांचे पैसे

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. ऱ्हस्व-दीर्घ चुकतं, अक्षरही वेडंवाकडं येतं. ज्याच्या हाती ही पानं पडतील त्यानं सांभाळून घ्यावं. चारचौघांत मला बोलता येत नाही, म्हणून लिहून ठेवते आहे.

हे गेल्याची बातमी सुधाकर भाऊजींनी आणली. माझे धाकटे दीर. मी दवाखान्यातून आंघोळीपुरती घरी आले होते. भाऊजींनी अंगणात सायकल आडवी टाकली आणि तसेच उभे राहिले. ते काही बोलायच्या आधीच मला कळलं. रडू यायच्याही आधी मनात आलं, आता लोकांचे पैसे...

हे एक मासिक काढायचे. लहानसंच. इतवारी बाजारातल्या धान्याचे, मिरचीचे भाव महिनाभरात कसे चढले-उतरले ते त्यात असायचं, पेरणीबद्दल चार गोष्टी असायच्या. वर्गणीदार भिवापूर, उमरेडकडचे दुकानदार आणि शेतकरी. वर्गणी गुढीपाडव्याला वर्षाची एकदम यायची. मागच्या पानावर इतवारीतल्या एका मिरचीच्या व्यापाऱ्याची जाहिरात असायची. त्यांना आम्ही शेठजी म्हणायचो, ते यांना भाऊ म्हणायचे. त्यांचेही पैसे वर्षाचे, आगाऊ. वर्षाचे एकदम दिले म्हणून त्यांना भावात सूट होती.

लग्न होऊन आले त्या पाडव्याला घरात एवढ्या नोटा पाहून मला वाटलं, आपण श्रीमंत आहोत. मी हळूच म्हटलं, एक पितळी घागर घेऊ या. हे हसायला लागले. "अवं, हे पैसे अजून आपले नाहीत."

"मग कोणाचे?"

"ज्याचे त्याचे. अंक छापून टपालात पडला का मग तेवढे आपले. तू शिवणाचे पैसे आगाऊ घेतले तं ब्लाऊज शिवल्याबिगर खर्च करशील का?"

"साऱ्याच बाया करतात."

"म्हणून तं साऱ्या बायांचे भांडणं होतात," हे म्हणाले.

फळीवर बारा डबे होते, एकेका मराठी महिन्याचा एकेक. वर्गणी आणि जाहिरातीचे पैसे हे त्यात सारखे वाटून ठेवायचे. अंक टपालात टाकून आले की त्या महिन्याचा डबा उघडायचा. त्यातून कागदवाल्याचं, छापखान्याचं द्यायचं, आणि उरेल ते घराचं. श्रावणात पाहुणे आले आणि तेल संपलं, तरी भाद्रपदाच्या डब्याला हात लागला नाही. मी शेजारून वाटीभर तेल आणलं होतं. मनातून चिडलेही होते.

हे गेले त्या वर्षी आश्विनाचा अंक निघाला आणि यांचं दुखणं वाढलं. ऑपरेशन सांगितलं. भाऊजींनी आपली घड्याळ-अंगठी विकली, तरी पुरेना. तेव्हा हे खाटेवरून म्हणाले, "कार्तिकाचा उघड." नंतर मार्गशीर्षाचा. असं करत फाल्गुनापर्यंत गेलो. प्रत्येक वेळी माझा हात धरून म्हणायचे, "वापस करजो वं. एकेकाचे." त्यांना वेदनांपेक्षा त्या डब्यांचाच घोर जास्त होता, असं मला वाटायचं.

दिवसकार्य आटोपल्यावर भाऊजींनी मला समजावलं. "वहिनी, कोणी मांगाले येऊन नाही राहिलं. काहून जिवाले लावून घेता? पैसा आला तेव्हाच आपला झाला." त्यांचं मन चांगलंच होतं. पण सायकलची घंटी वाजली की मला धडकी भरायची, पोस्टमन असेल, कोणी विचारलं असेल, आमचा अंक कुठे गेला? लोक काय म्हणतील, माणूस मेला आणि पैसे बुडवून मेला...

मी शिवणकाम वाढवलं. गल्लीतल्या बायकांशी मापापुरतं बोलायची, बाकी मशीन चालू. थोडे साठले की मनीऑर्डरी करायच्या. टपालाचा खर्च माझा. काहींनी पैसे घेतले, काहींनी परत पाठवले. परत आलेले मी पुन्हा पाठवले.

शेठजींचे सगळ्यांत जास्त होते. भाऊजींनी हिशेब करून दिला. "सात अंकांत जाहिरात छापली, तर त्या सातांना सुट्या अंकाचा भाव लावा. सूट सालाची होती. तुमच्या अंगावर कमी राहील." मी दोन-तीन दिवस विचार केला. साल आम्ही मोडलं होतं, शेठजींनी नाही. मग सूट त्यांची का जावी? सूट धरलेल्या भावानंच राहिलेल्या पाच अंकांचे पैसे काढले. रक्कम वाढली.

पहिल्यांदा इतवारीत गेले तेव्हा दुकानासमोरून दोनदा पुढे निघून गेले. पाय वर चढेचनात. शेठजींनीच पाहिलं. "या, या वहिनी. काहून उभ्या राहिल्या?" आणि मी बोलायच्या आत गल्ल्यातून नोट काढून पुढे धरली. त्यांना वाटलं, मी मदत मागायला आले. मी माझी पुरचुंडी गादीवर ठेवली. "जाहिरातीचे... थोडे आणले आहेत."

"मेलेल्या माणसाचे पैसे घेऊन मी कुठं ठेवू?"

"ते असते तर तुम्ही अंक मागितलाच असता ना?"

हे मी कसं बोलले, मलाच ठाऊक नाही. शेजारी बसलेले मुनीम हसले, "घ्या शेठ, आता जवाब द्या!" शेठजींनी पैसे गल्ल्यात टाकले, पण न मोजता. पुढेही दर खेपेला तसंच. भिकेत टाकल्यासारखे वाटायचे मला ते. घरी येईपर्यंत जीव थाऱ्यावर नसायचा. वाटायचं, शेठजींनी मनातल्या मनात सगळं माफच करून टाकलं आहे, आणि यांचं नाव माफीखाली राहणार.

मागच्या महिन्यात शेवटचे पैसे घेऊन गेले. शेठजींनी सवयीनं गल्ला उघडला. मी म्हटलं, "मोजा."

"राहू द्या ना वहिनी."

"नाही. यांचे आहेत. मोजा."

शेठजींनी माझ्याकडे पाहिलं. गादीवरची मिरचीची पूड झटकली, बोट ओलं केलं आणि एकेक नोट मोठ्यानं मोजत गेले. मुनीमही लिहायचे थांबले. चिल्लरसुद्धा त्यांनी रचून मोजली.

"पुरे आले," ते म्हणाले. "भाऊंकडं आता आमचं काही निघत नाही."