तिच्या गळ्यातलं हळकुंड

चांगुणा गेली तेव्हा मी कोपरला खाडीवर जाळं दुरुस्त करत बसलेलो. सून धावत आली, "बाबा, घरी चला…" एवढंच म्हणाली. दुपारी जरा पडते म्हणून आडवी झालेली चांगुणा उठलीच नाही. महिना झाला. मी चौथी शिकलेला, पण बायकोबद्दल लिहायला तेवढं पुरतं.

चार वर्षांमागे तिला बाजारात फिट आली, मासळीच्या पाटीवरच पडली. नौपाड्यातले डॉक्टर म्हणाले, डोक्यात गाठ आहे, कवटी उघडून बघावी लागेल. मी हो म्हणून मोकळा. ही त्यांना म्हणाली, "मी म्हावरा न कापता सांगते ताजा का शिळा. तुमाला कापल्याबिगर कळत नाय?" डॉक्टर हसले, पण मुंबईच्या मोठ्या इस्पितळासाठी चिठ्ठी दिली. तिथे मोठ्या चुंबकाच्या यंत्रात नवी तपासणी निघाली होती. तिथल्या मॅडमनी समजावलं, "फोटोत गाठ कुठे आहे ते दिसतं, यात ती आत काय करतेय ते कळतं. मांस वाढत असेल तर कागदावर एक रेघ उंच जाते, मेलेली चरबी असेल तर दुसरी. फक्त अंगावर धातू नको. मंगळसूत्र काढा."

चांगुणा उठून चालायलाच लागली. "नवरा समोर उभा नि गला मोकला करू?"

"अगं, मी कुठे मरतोय? मरशील तू!"

"मंग सवाष्ण मरेन."

अशी बाई… मी खाली वाण्याकडे गेलो, हळकुंड घेतलं, खिशातल्या जाळ्याच्या दोऱ्यात बांधलं आणि तिथे बाकावरच तिच्या गळ्यात घातलं. मॅडम म्हणाल्या, "हे चालेल. काका, दुसऱ्यांदा लग्न लावलंत!" तासाभराने बाहेर आली तर म्हणते, "आत काय ढोल बडवतात वो! वरातच झाली."

चरबीची रेघ उंच निघाली, वाढीची बसलेली. क्षयाची गाठ वाटते, म्हणाले, आधी गोळ्या देऊन बघू. दीड वर्ष खाल्ल्या. गाठ विरली, कवटीला कुणी हात लावला नाही, आणि ही पुन्हा पाटी घेऊन बाजारात बसली, गिऱ्हाइकांशी भांडायला. मी हो म्हणून बसलो होतो, नडली ती. बरं झालं नडली.

हळकुंड मात्र तिने सोन्याच्या जोडीला ठेवलं, शेवटपर्यंत. सोनं लेकीला दिलं, हळकुंड मी मागून घेतलं. जाळ्याच्या सुया ठेवतो त्या डब्यात आहे. सून म्हणते, "बाबा, वाळून लाकूड झालंय ते. खरवडून बघा, आत काही उरलं नसेल."

मी खरवडत नाही. आत पिवळं आहे.