तिसऱ्या मजल्याचा जिना आणि सरपंचांचा दुपट्टा

किस्से गोळा करायला कुणी मुद्दाम बसत नाही. सोयाबीनच्या मळणीत आपण दाण्यांकडे बघत असतो आणि मागे कुटाराचा ढीग कधी उभा राहतो ते कळतही नाही. आमच्या वाचनमंडळाचं तसंच झालं. मला दाणे हवे होते. ढीग मात्र कुटाराचा झाला!

सहा वर्षं दूर राहून मी ‘आधुनिक फ्रेंच साहित्यातील काळ आणि अवकाश’ हा विषय शिकले आणि गावी परतले. आमचं गाव मेडशीहून आत. हे ज्ञान फक्त मोठ्या शहरांनी का वापरावं, असं मला मनापासून वाटायचं. अजूनही वाटतं. म्हणून वाचनमंडळासाठी ग्रामपंचायतीची एक रिकामी खोली मागितली. सरपंच दिगंबरभाऊ म्हणाले, “घे. पन दसऱ्याच्या आधीच्या रविवारी मी मोजाले येईन. तुले सोडून दहा मानसं दिसले तं खोली तुही. नाही तं तिथी स्प्रिंकलरचे पाइप!”

एवढी एकच अट. मी कपाट पुसून घेतलं, दहा खुर्च्या मांडल्या आणि कामाला लागले.

*

पहिला रविवार. वेळ पाचची. पावणेसातला नामदेवकाका आले. काका वांगी-टमाटे पिकवतात आणि मेडशीच्या बाजारात विकतात. त्यांचं घर खोलीच्या बरोबर समोर, रस्ता ओलांडला की झालं.

“काका, पाच वाजता ठरलं होतं ना?”

“पाचलेच तं निंघालो!”

“मग?”

“मधात दोन जन भेटले.”

घड्याळातला काळ वेगळा आणि माणूस जगतो तो काळ वेगळा, हे समजवायला आमच्या सरांना अख्खं सेमिस्टर लागलं होतं. काकांनी ते रस्ता ओलांडता ओलांडता उरकलं!

*

मी एक कादंबरी तोंडी मराठीत करून सांगत होते. तीत एक माणूस तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या खोलीत जायला निघतो. जिना चढायला त्याला चाळीस पानं लागतात. प्रत्येक पायरीवर काहीतरी आठवतं आणि तो थांबतो.

काकांच्या पत्नी शोभाकाकू शेंगा सोलत ऐकत होत्या. विसाव्या पानाला म्हणाल्या, “याच्या घरी म्हैस नाही वाटते.”

“कशावरून, काकू?”

“म्हैस असती तं चार पानात वर गेला असता!”

*

मग जिन्याच्या मधेच अकरा पानांचं एक प्रकरण आलं. त्यात माणूसच नाही. फक्त खोली. टेबल कुठे, खिडकी किती फूट, कपबशीला तडा कोणत्या बाजूला. मी अगदी रंगून वाचत होते. संपल्यावर काका गंभीरपणे म्हणाले, “चोरीच्या पंचनाम्यावानी हाय. पन खाली सही कोनाची?”

“सही?”

“एवढं सारं पाह्यलं कोनं? खोलीत तं कोनीच नव्हतं!”

या एका प्रश्नावर तिकडे जाडजूड ग्रंथ लिहिलेत, असं मी सांगितलं. काका म्हणाले, “मंग कोनं पाह्यलं ते सापडलं का?”

“नाही.”

“सापडत नसतेच,” काका म्हणाले.

*

आमचे तिसरे सभासद गजाननभाऊ, एसटीचे कंडक्टर. अवकाश म्हणजे काय, हे मला खरं तर त्यांनीच शिकवलं.

आमच्याकडे बसच्या खिडकीतून रुमाल, टोपी, पिशवी, काहीही आत टाकलं की सीट त्याची. बाकी कशावरूनही भांडतील, पण टाकलेला रुमाल कुणी उचलणार नाही. एकदा सरपंचांनी मेडशीच्या थांब्यावर आपला खांद्यावरचा हिरव्या काठाचा दुपट्टा खिडकीतून टाकला आणि ते चहाला गेले. बस सुटली! आत उभं राहायला जागा नाही, आणि तीन नंबरच्या सीटवर नुसता दुपट्टा. मालेगावला एकानं विचारलं, “इथी कोनी हाय का?”

“सरपंच हायत,” गजाननभाऊ म्हणाले.

दुपट्टा बसून वाशीमला पोचला. सरपंच मेडशीतच!

मी टाळ्या वाजवल्या. “भाऊ, माणूस नाही आणि तरी त्याची जागा आहे! हेच तर आधुनिक फ्रेंच साहित्य!”

“असन,” गजाननभाऊ म्हणाले. “दुपट्टा माझ्यापाशीच पडून हाय. लाजेनं मांगाले आलेच नाही.”

*

आणि मग तो मोजणीचा रविवार आला. नेमकी सोयाबीनची सोंगणी, म्हणजे कापणी सुरू, आकाश भरून आलेलं, सगळं गाव वावरात. मी सकाळपासून दारोदार फिरले. घरांना कुलपं. आता पाइपच येणार म्हणून मी कपाटातली पुस्तकं पोत्यात भरायला घेतली.

“काहून भरून राह्यली?” काकूंनी विचारलं. त्यांच्या डोक्यावर टोपली होती. काका मागून आले, आणि दोघांनी टोपली खुर्च्यांवर रिकामी केली. एकीवर टोपी, एकीवर पंचा, मग कुणाची पिशवी, कुणाचा रुमाल, एक विळा, एक पाण्याची बाटली. वावरावावरांत फिरून आणलेलं! चार वाजता गजाननभाऊ ड्यूटीवरून आले आणि उरलेल्या चारपैकी पहिल्या रांगेतली एक खुर्ची त्यांनीही झाकली. तीन खुर्च्यांवर ते तिघं बसले.

पाचला सरपंच आले. दारात ट्रॅक्टर सुरूच, वर ड्रायव्हर, मागे पाइप भरलेलेच.

“तीन मानसं!” ते दारातूनच म्हणाले.

“दहा,” काका म्हणाले.

“बाकीचे कुठी हायत?”

“सोंगून राह्यले. जागा धरून ठेवली त्याईनं.”

“असं कुठी चालते का?”

“वाशीमपर्यंत चालते, भाऊ,” गजाननभाऊ म्हणाले.

सरपंच बोट उचलून मोजायला लागले. टोपी, पंचा, पिशवी, रुमाल, विळा, बाटली. मग ती तीन माणसं. नऊ झाले. बोट पहिल्या रांगेत आलं आणि थांबलं. खुर्चीवर हिरवा काठ.

“हा तं माहा हाय!”

“मंग उभे काहून?” काकू म्हणाल्या. “दहावे तुमीच! बसा. थो मानूस तिसऱ्या मजल्यावर पोचूनच राह्यला.”

सरपंचांनी दुपट्टा उचलला, झटकला, खांद्यावर टाकला. एकदा दाराबाहेर पाहिलं. खुर्चीत बसले. मी पान उघडलं, एक ओळ वाचली.

सरपंच मागे वळून ओरडले, “ट्रॅक्टर बंद कर बे! ऐकू नाही येऊन राह्यलं!”