अंधारातल्या डिश

पवईच्या एका लॅबमध्ये मी आयुष्यभर काचसामान धुतलं. शाळा चौथीपर्यंत. तरी शेवटची चार वर्षं अंधाऱ्या खोलीची किल्ली माझ्या खिशात होती. ती गेली तेव्हा माझा किती जळफळाट झाला, ते आता सांगायला लाज वाटत नाही.

लॅब चालवणाऱ्या मॅडमचं काम असं. कॅन्सरच्या पेशी डिशमध्ये वाढवायच्या आणि त्यात औषध घालायचं. ते औषध अंधारात निजून असतं. उजेड लागला की उठतं, पेशीतलं एन्झाइम बंद पाडतं, पेशी मरते. म्हणून निम्म्या डिशवर दिवा मारायचा, निम्म्या फॉइलमध्ये गुंडाळून अंधारात ठेवायच्या. अंधारातल्या जगल्या, तरच म्हणता येतं की औषध उजेडाशिवाय मारत नाही. गुंडाळायचं काम माझं.

मग बी.एस्सी. झालेली नवी बाई आली. मॅडमनी किल्ली तिला दिली. दोघी इंग्रजीत बोलून हसायच्या. मी परत बेसिनपाशी.

थोड्याच दिवसांत अंधारातल्या डिशही मरायला लागल्या. मॅडमनी पेशी बदलल्या, औषधाची नवी बाटली उघडली, काही उपयोग नाही. मला कारण पहिल्याच दिवशी दिसलं होतं. बाई नंबर डिशच्या झाकणावर लिहायची आणि वरून फॉइल लावायची. मग कुठली डिश कुठली ते बघायला ट्यूबलाइटखाली फॉइल उघडायची. मी फॉइलवरच मार्करने रेघा मारायचो, जितका नंबर तितक्या. पण मला कोणी विचारलं? मी गप्प.

एके दुपारी मॅडम म्हणाल्या, औषधच वाईट, अंधारातही मारतंय, उद्या तसं लिहून काम बंद करते. माझ्या चार वर्षांच्या डिश त्यात गेल्या असत्या. बाईला पॅसेजमध्ये गाठलं आणि फॉइलचं सांगितलं.

तिने विचारलं, "मामा, तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"किल्ली तुझ्याकडे होती ना."

ती सरळ मॅडमकडे गेली. चूक माझी, म्हणाली, आणि मामांनी पकडली. मी गप्प बसलो होतो, ते मात्र तिने सांगितलं नाही. पुढच्या खेपेला अंधारातल्या पेशी जगल्या. चूक कबूल केली म्हणून मॅडमनी सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं. किल्ली तिच्याकडेच राहिली.

फॉइलवर रेघा आता तीच मारते. माझ्या तिरक्या यायच्या. तिच्या अगदी सरळ येतात, पट्टीने काढल्यासारख्या. तेवढं तरी तिला येऊ नये ना.