डावीकडे वळताना

गाडी डावीकडे पूर्ण वळवली की पुढून कट्कट् असा आवाज यायचा. सरळ रस्त्यावर काही नाही, उजवीकडे वळताना काही नाही. नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, एवढ्या खड्ड्यांतून जाणारी गाडी आवाज करणारच. दर शनिवारी शाळा सुटली की मी भिंगारहून कोल्हारला, दादाकडे राहणाऱ्या आईला भेटायला जायचे. त्या रस्त्याचे खड्डे मला नवऱ्यापेक्षा चांगले माहीत होते. हा आवाज खड्ड्यांचा नव्हता.

गॅरेजवाल्याने गाडी सरळ नेली, सरळ आणली आणि आवाज वगैरे काही नाही म्हणाला. मी म्हटलं, वळवून बघा. तर तो माझ्याकडे न बघता नवऱ्याशी बोलायला लागला. मॅडम वळणावर क्लच अर्धा दाबून ठेवत असतील, लेडीजना ती सवय असते, असं त्याचं निदान. गाडी माझी, ती चालवणारी मी, आवाज ऐकणारी मी. आणि ज्याला साधं स्टिअरिंग धरता येत नाही तो माझा नवरा शेजारी उभा राहून मान डोलावत होता. माझे कान तापले होते.

माझे वडील लष्कराच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. सुट्टीच्या दिवशी ते क्वार्टरसमोर कुणाची तरी गाडी उघडून बसायचे आणि मी त्यांच्या हातात पाने द्यायचे. दादा तेव्हा क्रिकेट खेळायला पळालेला असायचा. नुसतं वळताना वाजतं ते काय, हे मला त्यांच्याकडूनच ठाऊक होतं. इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणारा लोखंडी दांडा म्हणजे एक्सल. त्याच्या टोकाच्या सांध्यात गोळ्या असतात, म्हणून चाक वळलं तरी दांडा फिरत राहतो. गोळ्या झिजल्या की सांधा कटकटायला लागतो.

दुसऱ्या दिवशी मोकळ्या मैदानावर मी गाडी डावीकडे गोल गोल फिरवली, मग उजवीकडे. डावीकडे फिरताना सगळा भार उजव्या चाकावर येत होता आणि तेव्हाच आवाज होत होता. खाली उतरून उजव्या चाकामागे हात घातला, तर बोटं काळ्या ग्रीसने माखली. सांध्यावरचा रबरी बूट चिरला होता. आतलं ग्रीस उडून चाकाला चिकटलं होतं आणि त्याच्या जागी धूळ भरली होती.

मी गॅरेजवाल्याला ते नेऊन दाखवलं. त्याने नवा बूट चढवला, ग्रीस भरलं आणि काम झालं म्हणाला. सांधा आतून गेलाय, एक्सलच बदलावा लागेल, असं मी सांगितल्यावर त्याने विचारलं, मॅडम मोबाईलवर व्हिडिओ बघून आलात का. तो हसला. नवराही हसला. त्या हसण्याचा मला जास्त राग आला.

त्याच शनिवारी कोल्हारला हायवेवरून आत वळताना पुढे फाडकन आवाज झाला. इंजिन घोंगावत होतं आणि गाडी जागची हलत नव्हती. मागे उसाने भरलेला ट्रॅक्टर उभा होता, त्याचा ड्रायव्हर हॉर्नवरचा हात काढेना. कुणीतरी म्हणालं, "बाई हाय गाडीवर," आणि जणू सगळा उलगडा झाला. शेवटी चार माणसांनी ढकलत गाडी दादाच्या अंगणात आणून लावली.

दादा आईसमोरच म्हणाला, "तुला म्हणलं हुतं, बसनं येत जा. झेपत न्हाई ते करावं कशाला?"

मी आत निघून गेले. तिथे थांबले असते तर फार वाईट बोलले असते.

सोमवारी मी रजा टाकली आणि बसने श्रीरामपूरला जाऊन नवा एक्सल आणला. परतताना तो मांडीवर आडवा धरून बसले होते. हत्यारं घरातच होती. वडील गेल्यावर त्यांची पत्र्याची पेटी दादाकडे आली, कारण तो मुलगा. मला कुणी विचारलंही नव्हतं. त्याने ती कुलूप घालून गोठ्याशेजारच्या खोलीत टाकली होती. तो शेतावर गेला होता. वहिनीने खुंटीवरच्या त्याच्या सदऱ्यातून किल्ली काढली आणि माझ्यासमोर धरली.

"घ्या ताई. मला काय धरायचं ते सांगा."

चाक जमिनीवर असतानाच मधला मोठा नट सैल करायचा असतो. तो हलेना, तेव्हा पान्यावर लोखंडी नळी चढवून आम्ही दोघींनी अंगाचा भार टाकला. मग जॅक लावला, खाली भक्कम टेकू दिला, चाक काढलं, खालचा जोड सोडवला. वहिनीने चाकाचा हब बाहेर ओढून धरला आणि मी तुटलेला एक्सल ठोकून सोडवला. दुसरं टोक गिअरबॉक्समधून पहारीने उचकटताना तेल घमेल्यात सांडलं, थोडं माझ्या ड्रेसवरही. हातोड्याच्या प्रत्येक घावाबरोबर मी कुणाचं तरी तोंड आठवत होते.

नवा एक्सल बसवत असताना दादा आला. पेटी उघडी बघून म्हणाला, "माझ्या पेटीला हात कुणाला विचारून लावला?"

"यातला एक पाना उचल," मी म्हटलं, "आणि तो कुठं लागतो ते सांग. मग तुझी म्हण."

त्याने उचलला नाही. लोक बघतायत, एवढंच पुटपुटला.

"बघू द्या," वहिनी म्हणाली. हबवरचा तिचा हात सुटला नव्हता. "तुमी बाजूला व्हा, उजेड अडतोय."

तो खरंच बाजूला झाला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण वहिनी त्याला असं बोललेली मी ऐकली नव्हती. बहुधा त्यानेही नाही.

एक्सल आत खट्कन बसला. सगळं आवळून, तेल भरून मी गाडी अंगणात डावीकडे फिरवली, पुन्हा पुन्हा फिरवली. आवाज नव्हता. ओट्यावर बसलेली आई मान वर करून ऐकत होती. मला फार बरं वाटलं, आणि ते टिकलं चहा होईपर्यंत. शेजारचे काका डोकावले तेव्हा दादा कपबशी हातात धरून त्यांना सांगत होता, "गाडी घरीच केली आमी."

मी उठले आणि पेटी गाडीकडे ओढायला लागले. बाबांची आठवण हाय ती, असं तो म्हणाला. आठवण गंजत पडली होती, मी म्हटलं. आईने त्याला नुसतं, "नेऊ दे तिला," एवढं सांगितलं. दुसरी कडी वहिनीने धरली.

त्यानंतर दादाशी मी कामापुरतंच बोलते. राग गेला का गं, असं आई फोनवर विचारते. नाही गेला, असं मी तिला खरं तेच सांगते, आणि वहिनीला फोन द्यायला सांगते.