दिगूची उलटी अक्षरं

दिगंबर गेल्याचं कळलं तेव्हा मी त्याच्यावरच चिडून बसलो होतो. करमाडच्या एका बागायतदाराच्या विहिरीवरच्या मोटारीचा ऑटोस्टार्टर समोर उघडा पडला होता. आतलं सर्किट दिगूनं घरी बनवलेलं, आणि त्यावर एका भागाचं नाव असेल तर शपथ! जळून कोळसा झालेला रेझिस्टर किती ओहमचा होता, हे विचारायला सकाळपासून त्याला तीनदा फोन लावला. चौथ्यांदा वहिनींनी उचलला… पहाटे छातीत दुखलं म्हणे, दवाखान्यापर्यंतही पोचला नाही.

उस्मानपुऱ्यात आमचं दोघांचं दुरुस्तीचं दुकान. दिगू सर्किटचा नकाशा चकचकीत कागदावर छापायचा, इस्त्रीनं पट्टीच्या तळच्या तांब्यावर उतरवायचा, भोकं पाडायचा. हात असा, की बघत राहावं. पण नावं?

"लिही की रे, कुठं काय बसवलंय ते."

"कशाला? माझ्या डोक्यात हाय ना सगळं."

"आणि तू नसलास तर?"

"फोन कर!"

एकदाच, माझ्या कटकटीला वैतागून, त्यानं सर्किटच्या वरच्या बाजूवरही इस्त्रीनं नावं उतरवली. खालच्या तांब्याचा नकाशा वरून बघून काढलेला असतो, म्हणून तो सरळ छापतात. वरच्या नावांचा मात्र उलटा छापावा लागतो, तरच अक्षरं सरळ उमटतात. हा पठ्ठ्या सवयीनं सरळ छापून मोकळा! सगळी अक्षरं उलटी, डावीकडची नावं उजवीकडं. मी पोट धरून हसलो, गिऱ्हाइकांना बोलावून दाखवलं. दिगूनं ते सर्किट कचऱ्यात टाकलं आणि पुन्हा तो विषय काढू दिला नाही. माझं ते हसणं नडलं, हे मला आत्ता कळतंय.

तेराव्यानंतर करमाडचे बागायतदार काका परत आले. "भाऊ, मोसंबी वाळायली. व्हतंय का नाय, तेवढं सांगा." दिगूचा फार राग आला. माणसानं सगळं डोक्यात ठेवून असं निघून जाऊ नये.

शेवटी त्याच्या घरी गेलो. वहिनींनी टेबलावरचं एक सर्किट आणून दिलं. त्याच स्टार्टरचं, नवं, भाग न बसवलेलं; वरच्या बाजूला कागद तसाच चिकटलेला. "त्याची कटकट एकदाची मिटवतो, म्हणत होते," वहिनी म्हणाल्या.

मी ते पाण्यात भिजवलं, अंगठ्यानं कागद चोळून काढला. नावं होती, आकडे होते. आणि सगळं पुन्हा उलटं!

"अरे गाढवा…" एवढंच तोंडून निघालं.

जळालेला रेझिस्टर डाव्या कोपऱ्यातला, म्हणून उजव्या कोपऱ्यातला आकडा आरशात धरून वाचला. करमाडची मोटार त्याच दिवशी सुरू झाली. ते सर्किट आता दुकानात माझ्यासमोर असतं, शेजारी दिगूचा दाढीचा आरसा. ते बघून एखादं गिऱ्हाईक हसलं, की माझं डोकं फिरतं.