पाटीपेक्षा उंच टाकी

फिनेलचा वास आला की मला तो सरकारी दवाखाना आठवतो. त्याच्या नळांचा आराखडा माझा होता. वरच्या मजल्यावर, बाळंतिणींच्या खोलीत, पाण्याला जोर यावा म्हणून मी टाकी गच्चीपासून तीन मीटर उंच दाखवली होती. आमच्या खात्याचे साहेब म्हणाले, "दवाखान्याच्या नावाच्या पाटीपेक्षा टाकीच उंच दिसायलीय. घ्या खाली. पाणी काय, खालीच येणार हाय!" मी टाकी एक मीटरवर आणली आणि सही केली. दोन वर्षांनी माझी बायको तिथंच बाळंत झाली. नळाला करंगळीएवढीही धार नव्हती. शेजारच्या खाटेवरची म्हातारी म्हणाली, "दादा, बादली घेऊन खाली जा. नळ बसवणाऱ्याच्या घरी बाईमाणूस न्हाई वाटतं!" बायकोही हसली. मी बादली घेऊन बावीस पायऱ्या उतरलो. ती सही माझी होती, हे बायकोला मी अजून सांगितलेलं नाही.