न बघता केलेल्या सह्या

लालबागच्या चाळीतून निघाले तेव्हा आईने हातावर दही ठेवलं आणि बाबांनी माझी लॉगबुकची वही स्वतःच्या पिशवीत घातली. "ही विमानतळापर्यंत माझ्याजवळ ऱ्हाऊ दे," म्हणाले. बाबा गिरणीत विणकर होते. संपानंतर त्यांचे साचे, म्हणजे माग, पुन्हा चाललेच नाहीत, आणि त्याच घरातून एक सर्जन इंग्लंडला निघाली होती. वहीत माझी तीन वर्षांची ऑपरेशनं होती, पानोपानी आमच्या वॉर्डच्या मुख्य सर्जनची, सरांची, सही.

परळच्या हॉस्पिटलात, त्या वॉर्डात जे माझ्याबरोबर शिकत होते, मग मागे राहिलेले असोत की माझ्यासारखे परदेशी गेलेले, त्यांना त्या सह्या कशा झाल्या ते सांगायला नको. शेवटच्या दिवशी आपण वह्या सरांच्या टेबलावर रचल्या. सरांनी चहा मागवला आणि गप्पा मारता मारता सगळ्यांवर सह्या करून टाकल्या. हर्नियापुढे 'स्वतंत्रपणे केले' असं आपणच लिहिलं होतं. मी तर तीन वर्षं रिट्रॅक्टरने जखम उघडी धरली आणि फार तर वरची कातडी शिवली. सुरी मागितली की सर मायेने म्हणायचे, "घाई काय आहे गं? तीन वर्षं पुरी कर, सर्जन होशीलच." नियमही तोच होता. वर्षं भरा, परीक्षा द्या. हात कोणी बघितलाच नाही.

इंग्लंडमध्ये वरिष्ठांनी वही बाजूला ठेवली, सुरी दिली आणि म्हणाले, "तुम्ही करा, मी बघतो." पाच मिनिटांत त्यांनी ती परत घेतली, न ओरडता. तिथे नवी पद्धत येत होती. किती वर्षं काढली ते कोणी विचारत नव्हतं. काय जमतं ते एकेक करून, समोर उभं राहून बघत होते. मला पहिल्या वर्षाच्या मुलांबरोबर टाक्यांच्या गाठी मारायला बसवलं. सरांनी मला फसवलं, आणि निघताना मी त्यांच्या पाया पडले होते, याचा संताप अजून जात नाही.

फोनवर बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "आमच्याकडं तुटलेला धागा सांधून दाखवल्याबिगर साचा देत नव्हते. आन् माणसाच्या पोटाला हे असं?" मग म्हणाले, "संपात आम्हाला पुढारी सांगायचे, महिनाभरात मिटंल. तुला सर. आपल्याला इश्वास ठेवायची खोडच हाय."

बाबा गेले. गेल्या वर्षी तीच पद्धत आपल्याकडे आली आणि शिकवायला मला परळला बोलावलं. वाटलं, घरी चाललेय. पहिल्याच दिवशी तिसऱ्या वर्षाची एक मुलगी नवा फॉर्म घेऊन आली. 'देखरेखीशिवाय करू शकते', पुढे सहीची जागा.

"मॅडम, करा ना सही. सगळेच करतात. तुम्ही तर आमच्या लालबागच्याच."

"तू स्वतः केलंस?"

"असिस्ट केलंय ना, खूप वेळा."

"उद्या सकाळी ऑपरेशन टेबलाशी ये. तू कर, मी बघते."

तिचा चेहरा पडला. दारात मैत्रिणीला म्हणाली, "बाहेरून आल्यात ना. त्यांना काय आपली माणसं."

जिथे आपल्याला न तपासता आपलं म्हणतात ते घर, असं मी परदेशात इतकी वर्षं धरून बसले होते. आता त्याच घराची मला भीती वाटते. त्या मुलीला माझा राग आला. मला सरांचा त्या दिवशी आला नव्हता. सह्या झाल्या म्हणून मी वॉर्डभर पेढे वाटले होते.